पाटाची मोट

बनुआक्का मला पहिल्यांदा उलटून बोलली ते भरल्या सभेत, आणि ते काही चांगलं बोलली नाही. देवळाच्या पायरीवर उभा राहून मी घसा फोडत होतो. ती मागं बायकांत उभी होती, डोक्यावरची वैरणीची पेंढीसुद्धा तिनं उतरवली नव्हती. तिथूनच म्हणाली,

"दादासो, तू कवा दारं धरलंयस का रं?"

सभा हसली. माझं डोकं तापलं. मी तापट माणूस, आजही आहे. आणि खरी गोष्ट म्हणजे मी दारं कधीच धरलं नव्हतं. विहिरीवर मोट हाणतो तो एक, आणि खाली रानात फावडं घेऊन एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं फोडतो, पाणी फिरवतो, तो दारं धरणारा. मोटेवरचा माणूस गाणी म्हणतो, त्याचं कौतुक होतं. दारं धरणाऱ्याचे पाय दिवसभर चिखलात असतात आणि त्याच्याकडं कोणी बघत नाही. आमच्या मळेवाडीत हे काम बायकांचं.

साल त्रेचाळीस, दिवाळी नुकतीच झालेली. मळेवाडी आष्ट्यापासून दोन कोसांवर, आणि आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. बंगालात माणसं अन्नावाचून मेल्याच्या बातम्या फाटक्या वर्तमानपत्रातून आमच्यापर्यंत येत होत्या. इकडं सरकारी लेव्हीनं कणग्या खरवडून नेल्या होत्या. त्या दिवसांत गावचे तंटे इंग्रजाच्या कचेरीत न नेता गावातच तोडायला आम्ही समित्या उभ्या केल्या होत्या, आणि मळेवाडीच्या समितीत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. शाळा मराठी चौथीत सुटलेली. पुढचं सगळं मी आष्ट्याच्या बाजारात रद्दीत मिळालेल्या पुस्तकांवर शिकलो, आणि त्याचा मला गर्व होता. तर त्या दिवशी मी हुकूम काढला की विहिरीचं पाणी एकच, त्यामुळं एक तर ऊस किंवा शाळूची ज्वारी. माणसं उपाशी असताना गुळाचे लाड नकोत. पंधरा दिवसांत ज्यानं त्यानं आपला उभा ऊस मोडायचा आणि सगळं पाणी शाळूला द्यायचं.

गावात उभा ऊस तिघांचाच होता. दोघांनी मान डोलावली. तिसरी बनुबाई.

तिचा नवरा कृष्णात पलटणीत होता, लढाईवर. त्या आषाढात महिन्याच्या रजेवर आला, तेव्हा त्यानं वीस गुंठे ऊस स्वतःच्या हातानं लावला आणि जाताना सांगून गेला, "हा संभाळ. ह्याचं गुऱ्हाळ मी आल्यावर बघू." त्याचं पत्र दोन महिन्यांतून एकदा यायचं, वाचून दाखवायला ती माझ्याकडंच आणायची. त्यात आधी उसाची खुशाली विचारलेली असायची, मग दोन्ही पोरींची, मग म्हातारीची, आणि जागा उरली तर हिची. मी वाचताना हसायचो. ती हसायची नाही. तो माणूस तिकडं त्या उसाच्या आशेवर जगतोय, हे तिला कळत होतं. आणि घरात चार तोंडं होती, त्यांना भाकरी लागत होती, हेही तिला माझ्याहून जास्त कळत होतं. वीस गुंठे ऊस, वरच्या अंगाला दीड एकर शाळू, आणि चार दिवसांतून एकदा येणारी पाण्याची पाळी, एवढाच तिचा संसार होता.

"दारं धरलं नसलं तरी हिशेब कळतो मला, आक्का," मी पायरीवरून ओरडलो. "दिवसाला मोटा किती निघतात? सव्वाशे! त्या ऊस प्याला तर शाळू काय पिणार?"

"सव्वाशे कुनी सांगितल्या?"

"अख्खं गाव सांगतं."

"गाव मोजतंय कवापासनं, ते इचार," ती म्हणाली. "पंधरा दिस हायती न्हवं? पंधराव्या दिशी कुदळ घिऊन ये. ऊस मोडायचाच ठरला तर पयला घाव तुझा."

आणि पेंढी सावरत निघून गेली.

तिच्या पाळीच्या दिवशी मी विहिरीवर गेलो. राग मनात होताच. मोटेवर गुंडा होता, कृष्णातचा मावसभाऊ. हाडापेरानं दांडगा, गळ्यानं गोड, आणि मोजण्यात इतका पक्का की गावात कुणाच्या किती मोटा झाल्या यावर भांडण लागलं तर गुंडाचा शब्द शेवटचा. मी धावेच्या, बैल चढतात-उतरतात त्या उताराच्या, कडेला बसलो आणि गोळा करून आणलेले खडे शेजारी ठेवले. प्रत्येक मोटेला एक खडा टाकायचा.

बैल धावेवरून खाली गेले, मोट वर आली, काठावरच्या थारोळ्यात ओतली, पाणी पाटाला लागलं. मी खडा टाकला. दुसरी मोट, दुसरा खडा. गुंडा नुसता गुणगुणत होता. दहा झाल्या, वीस झाल्या. पाणी पाटातून सरकत होतं, पण सुस्त, थांबत थांबत, जसं काही प्रत्येक ढेकळाची गाठभेट घेत चाललंय. अठ्ठाविसावा खडा टाकला आणि खालून रानातून आक्काची हाळी आली.

"आलंऽऽ!"

आणि गुंडा मोठ्यानं म्हणाला, "एऽऽक!"

मी उठून उभा राहिलो. "काय रं गुंडा, झोपलायस का? अठ्ठावीस झाल्या!"

"त्या पाटाच्या मोटा," गुंडा शांतपणे म्हणाला.

"पाटाच्या म्हणजे?"

"पाटाच्या म्हंजी पाटाच्या. पयलं पाणी पाटाचं असतंय. रानातनं 'आलं' म्हटल्याबिगर मोट मोजायची न्हाई. माझा आज्जा बी असंच मोजायचा."

"आणि दुपारी बैल सोडल्यावर?"

"तवा पाट वाळतोय. मग पुन्यांदा पाटाच्या."

"त्या किती?"

गुंडानं माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी काही अभद्र विचारलंय. "आता पाटाच्या मोटा कोन मोजील गड्या? देवाच्या निवदाचे घास मोजतंय का कुनी?"

त्या दिवशी मी हललो नाही. दुपारनंतर बैल पुन्हा जुंपले, तेव्हा 'आलं' ऐकू यायला वीस खडे पडले. दिवसभरात सगळे मिळून एकशे बाहत्तर. त्यातले अठ्ठेचाळीस पाटानं पिऊन टाकलेले. गाव सव्वाशे म्हणत होतं ते खोटं नव्हतं. पण अठ्ठेचाळीस मोटा बैलांनी ओढल्या होत्या, गुंडानं हाणल्या होत्या, आणि त्या कुणाच्याच तोंडी नव्हत्या.

मी रानात उतरलो. आक्का फावड्याला टेकून उभी होती, गुडघ्याएवढा चिखल.

"किती?" तिनं विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"मी पन्नास धरल्या हुत्या," ती म्हणाली. "दोन कमी भरल्या. आज पाट जरा वलसर असंल." मग हसून म्हणाली, "मला खडं न्हाईत लागत, दादासो. बैलाच्या घुंगराचा आवाज येतो हितपातूर. गेली सात वरसं ऐकतीया."

"सात वर्षं! मग बोलली का नाहीस कधी?"

"दारं धरणाऱ्या बाईला मोटा किती झाल्या म्हून इचारलंय कुनी?"

मी धोतराच्या वट्यात आणलेले खडे घट्ट बांधले.

तिनं मला पाट दाखवला. विहिरीपासून तिच्या रानापर्यंत चांगला दोनशे पावलं, भुसभुशीत मातीचा, उंदरांच्या बिळांनी पोखरलेला. आणि त्याच्या शेजारी, हातभर रुंदीच्या बांधापलीकडं, अगदी तसाच दुसरा पाट. तो नानासोचा. नानासोचा बाप आणि बनुआक्काचा सासरा सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा बोलणं तुटलं, आणि एका पाटाचे दोन पाट झाले. तीस वर्षं झाली, दोघेही म्हातारे जाऊन जमाना झाला, पण दोन्ही पाट शेजारी शेजारी चालूच. नानासोची पाळी आक्काच्या आदल्या दिवशी. म्हणजे आदल्या दिवशी त्याचा पाट पिऊन तृप्त व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला खेटून आक्काचा कोरडा पाट पुन्हा पहिल्यापासून प्यायला बसायचा.

"ह्यो मधला बांध काढला," आक्का म्हणाली, "दोघांचा एक पाट केला, आन त्याला तळ्यातल्या चिकन मातीचा गिलावा दिला, तर?"

तर काय, हे मला लगेच दिसलं. आणि मी जी घोडचूक करायची ती केली. तसाच तडक नानासोच्या मळ्यात गेलो.

नानासो पन्नाशीचा, भरगच्च मिशांचा, मानाला जपणारा. मी त्याला दोन वाक्यांत गोष्ट सांगितली आणि तिसऱ्या वाक्यात म्हणालो, "बापानं चूक केली ती पोरानं तीस वर्षं वागवायची, ही काय अक्कल झाली?"

"हो भाईर," नानासो म्हणाला. "माज्या बापाचा पाट हाय त्यो. समितीचा असशील तर तुज्या घरी. हितं न्हाई."

मी आणखी दोन शब्द जास्त बोललो, ते इथं लिहीत नाही. त्यानं काठी उचलली, मी दगड उचलला, आणि त्याच्या बायकोनं मध्ये येऊन दोघांनाही झाडलं. गोष्ट तिथं संपली असं मला वाटलं. परत येऊन आक्काला म्हणालो, "जमत नाही. हुकूम काढतो."

"आता काढशील तर माझं हुतंय ते बी घालवशील," ती म्हणाली. "तू फकस्त गप बसून बघ. जमंल का तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नानासोच्या बांधावर गेली. मी लांब, बाभळीखाली गप बसलो, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"आवं भावजी," ती पदर सावरून म्हणाली, "ह्या बांधावरलं लिंबाचं झाड कुनाचं?"

"आमचं," नानासो म्हणाला. झाडावरून दरवर्षी भांडण व्हायचं.

"तुमचंच. लिंबं बी तुमची, सावली बी तुमची. बांध काढल्यावर जी हातभर पट्टी मोकळी हुईल ती बी तुमीच घ्या, तंबाकू लावा, न्हाईतर मिरच्या लावा. मला एक वाफा नको त्यातला."

नानासोला डाव कळेना. "मग तुला काय पायजे?"

"पाणी. आन तुमाला बी पाणीच. बघा की, मामंजी गेले, तुमचे बाबा गेले. दोघांचं भांडान तेवढं आपुन जित्तं ठिवलंय, आन त्याला दर पाळीला पन्नास पन्नास मोटा पाजतोय. माझ्या पोरींला एवढं दूध मिळत न्हाई भावजी, जेवढं पाणी तुमच्या आमच्या भांडनाला मिळतंय."

नानासोनं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पन्नास? कुनी मोजल्या?"

"गुंड्यानं न्हाई मोजल्या, ह्या समितीवाल्यानं मोजल्या. खडं हायती बघा त्याच्या वट्यात."

मी उठून गेलो आणि खडे दाखवले. तोंड उघडलं नाही. नानासोनं एकेक खडा हातात घेऊन बघितला, जणू खड्यावर काही लिहिलंय. मग म्हणाला, "माज्या पाळीला बी मोजून बघतो. खोटं निघालं तर बघ."

खोटं निघालं नाही. त्याच्या पाटाला पंचावन्न लागल्या, त्याचं रान जरा लांब.

मग आठवडाभर दोन्ही घरच्या बायका कामाला लागल्या. गावतळ्याच्या तळाची चिकण माती, शेण आणि भुसा तुडवून पाटाला बोटभर जाड गिलावा दिला, दगडानं घोटला. मधला बांध काढायच्या दिवशी आक्कानं मला निरोप पाठवला, कुदळ घेऊन ये. मी गेलो. तिनं लिंबाच्या झाडापासून चार हातांवर बोट दाखवलं. "हितं. पयला घाव तुझा ठरला हुता न्हवं?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नानासोही हसला, आणि मग कुदळ माझ्या हातातून घेऊन म्हणाला, "हाण हाण म्हंतोय सभेत, पर कुदळ धरता येत न्हाई ह्याला." उरलेला बांध त्यानंच काढला.

दोघांनी आणखी एक केलं. दुपारी एका घरची जोडी सुटली की दुसऱ्या घरची जुंपायची, म्हणजे पाट वाळायला वेळच मिळत नव्हता. पुढच्या पाळीला आक्काची हाळी आली तेव्हा माझ्या शेजारी नऊ खडे होते. दुपारी जोडी बदलल्यावर दोन. एकशे बाहत्तरपैकी अकरा पाटाच्या, बाकी सगळ्या रानाच्या. एका वाफ्याला तीन मोटा धरल्या तर बारा वाफे जास्तीचे भिजले. त्याच विहिरीतून, त्याच बैलांकडून, त्याच गुंडाच्या गाण्यावर.

शाळू कमरेला लागला आणि उसाची पानंही हिरवीगार. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा मी पुन्हा देवळाच्या पायरीवर चढलो आणि हुकूम मागं घेतला. एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला मला पंधरा दिवस लागले. ऊस की शाळू म्हणून मी गावात दोन तट पाडायला निघालो होतो, आणि तोवर ते भांडणच खोटं होतं. पाणी पाटानं प्यालेलं असताना ऊसवाल्यानं शाळूवाल्याकडं बोट दाखवायचं कारण काय? दोघांनाही जास्त मिळण्यासारखं होतं. त्या रद्दीच्या पुस्तकांत हे असेल, पण मी ते पान उलटून गेलो असणार.

मात्र एवढ्यावर संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती. माझा स्वभाव असा की एकदा चूक झाली की उलट्या दिशेनं धावायचं. पुढच्या वर्षाच्या अखेरीला, चव्वेचाळीसच्या मार्गशीर्षात, आक्काचा ऊस तुटला, गुऱ्हाळाला गेला. कृष्णात आला नव्हता, पण त्याच्यासाठी गुळाची एक ढेप मडक्यात बंद करून ठेवली होती. मी उत्साहानं म्हणालो, "आक्का, आता तुटल्या उसाचा खोडवा पूर्ण ठेव. आणि वर आणखी दहा गुंठे ऊस लाव. शाळू आहेच. कांदाही करू. सगळंच करू!"

तिनं फावडं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "पाट अजून किती पितोय?"

"अकरा."

"म्हंजी त्याच्याकडनं काढून घ्यायला आता काय ऱ्हायलंय? आता एक सरी उसाला दिली की शाळूचं वाफं वाळणार. आता खरं भांडान सुरू झालं, दादासो. आता तू पायरीवर चढून वरडला असतास तर मी ऐकलं असतं."

आणि ती मला रानात घेऊन गेली. खालच्या अंगाची जमीन भारी काळी, वल धरून ठेवणारी. "हितला ऊस कमी पाण्यात बी येतो. हितं शाळू लावला तर पाय पाण्यात बुडाल्यावानी पिवळा पडंल. म्हून हितला ऊस मोडला तर जाईल लय आन मिळंल थोडं." मग त्याच उसाच्या वरच्या अंगाला नेलं, माळाच्या बाजूला. "हितं उसाला दुप्पट पाणी लागतंय. हितल्या चार सऱ्या मोडल्या तर त्येवढ्याच पाण्यात शाळूचं आठ वाफं भिजतील. मोडायच्या त्या ह्या."

"कृष्णातचा ऊस तू मोडणार?" माझ्याच तोंडून आलं.

"चार सऱ्या. सगळा न्हाई. आन तुज्या हुकमानं बी न्हाई." मग म्हणाली, "त्येनं लावला तवा पाट पन्नास मोटा पीत हुता. त्येला काय ठाव, वर लावायचा का खाली."

वरच्या चार सऱ्यांचे बुडखे तिनं स्वतः खणून काढले. पत्रात हे लिहायचं का, असं मी विचारलं. "नगं," ती म्हणाली. "आल्यावर बघंल." पण त्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावर एक काळजी होती, ती मला दिसायची. लढाई थांबली, आसपासच्या गावांतले शिपाई परतू लागले, आणि ती काळजी वाढतच गेली. माणूस येईल की नाही ही नव्हे, तो येणार हे कळलं होतं. आल्यावर काय म्हणेल, ही.

कृष्णात आला सेहेचाळीसच्या संक्रांतीनंतर. शाळू हुरड्याला आलेला. खांद्यावरची ट्रंक अंगणात टाकून, आईच्या पाया पडून, तो घरात न थांबता सरळ रानात गेला. मागोमाग आम्ही. बांधावर उभा राहून त्यानं खालचा ऊस बघितला, मग वर बघितलं. वर ऊस नव्हता. दाणे भरलेली कणसं डोलत होती.

"वरला ऊस कुनी मोडला?" पलटणीतला आवाज होता.

आठवी मोट ओतून गुंडा थबकला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "मी."

"का?"

"सांगती. आधी बूट काढा आन हे धरा." तिनं त्याच्या हातात फावडं दिलं. "आज आपली पाळी हाय. दारं धरा. गुंडाभावजी, हाणा मोट."

मला वाटलं तो फावडं फेकून देईल. पण तो बुचकळ्यात पडला होता आणि वर्षानुवर्षं हुकूम मानायची सवय झालेली. त्यानं बूट काढले, पाटाच्या रानातल्या तोंडाशी वाकून उभा राहिला. जुन्या सवयीनं खिशातून विडी काढली, कारण त्याच्या आठवणीतल्या पाटावर पाणी यायला चार-पाच विड्या ओढून व्हायच्या.

विडी पेटायच्या आत पाणी त्याच्या पायाला लागलं.

तो दचकून मागं सरला. गिलावा केलेल्या पाटाकडं बघितलं, बांध नसलेल्या जागेकडं बघितलं, पलीकडं मिरच्या खुडणाऱ्या नानासोकडं बघितलं. नानासोनं त्याच्याकडं बघून हात वर केला. त्या घरानं या घराला हात केलेला कृष्णातनं जन्मात बघितला नव्हता.

"आवं, हाळी द्या की," आक्का म्हणाली. "गुंडाभावजी वाट बघत्यात."

कृष्णात ओरडला, "आलंऽऽ!"

वरून गुंडाचं उत्तर आलं. पूर्वी तो इथं 'एक' म्हणायचा.

"नऊऽऽ!"

कृष्णातनं न पेटलेली विडी कानाला अडकवली, पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं, आणि पाणी शाळूत शिरलं. आक्का बांधावर बसली, एक कणीस मोडून तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हुरडा त्याच्यापुढं धरला. हात चिखलाचे होते, म्हणून त्यानं तिच्या तळहातावरूनच तोंडानं खाल्ला. मी दुसरीकडं बघू लागलो.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा वरच्या रानाकडं बघून विचारलं, "खालच्या उसाच्या किती सऱ्या ठिवल्यास?"

"सगळ्या. त्यातली एक मोडली तर जाईल लय, मिळंल थोडं."

"कुनी शिकवलं तुला हे?"

तिनं हसून माझ्याकडं बोट केलं. "ह्या दादासोनं. ह्यो लय शिकलेला हाय."